आयसीयूच्या दाराबाहेर तुमच्या वतीने कोण बोलणार?

आमच्या आयसीयूच्या काउंटरवर संमतीपत्रासाठीचं पेन दोऱ्याने बांधून ठेवलेलं असायचं. रात्री दोन वाजता सही करणारा माणूस पेन खिशात घालून निघून जातो, त्याला कळतही नाही. एकतीस वर्षं मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, शेवटची अकरा इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्या पेनाने मुलगे, जावई, दीर यांनी सह्या केल्या, एकदा तर गावच्या पोलीस पाटलांनी केली. ज्याच्या घशात नळी जायची तो आत पडलेला असायचा. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे बाहेर उभ्या असलेल्या दहा जणांपैकी एकालाही सांगता यायचं नाही. "सिस्टर, तुमचंच माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं?" एवढंच विचारायचे. त्याचं उत्तर द्यायची आम्हाला मुभा नसायची.

निवृत्त झाल्यावर, २०२३ साली, मी माझं लिव्हिंग विल केलं. मग आमच्या कॉलनीतल्या आणि भजनी मंडळातल्या चौदा-पंधरा जणांचं करायला मदत केली. मी वकील नाही. पण कागद कुठे अडतो आणि आयसीयूत माणूस कुठे अडतो, या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. म्हणून हे लिहिते.

आधी एक-दोन गैरसमज काढून टाकू. हे घर-जमिनीचं मृत्युपत्र नव्हे. आणि इंजेक्शन देऊन मारून टाका, असं सांगणारा कागदही नव्हे. ते आपल्याकडे गुन्हाच आहे. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही, उपचार लांबत चाललेत आणि आपला निर्णय सांगण्याइतकी समज आपल्याला राहिलेली नाही, अशा वेळेसाठी आधीच लिहून ठेवलेलं आपलं म्हणणं म्हणजे लिव्हिंग विल. तुम्ही शुद्धीवर आहात, समजतंय, बोलता येतंय, तोवर हा कागद कोणी उघडायचाही नाही. तोवर डॉक्टरांनी तुम्हालाच विचारायचं, आणि तुम्ही नको म्हणालात तर नको.

हे आपल्याकडे नातेवाइकांच्या गळी उतरत नाही. "पेशंटला कशाला विचारता, आम्ही आहोत ना!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या बाईंनी फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहायला, संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. आईची सही चालणार नाही, जीव लगेच धोक्यात नव्हता, तेव्हा बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं. आम्ही ते निकालपत्र वॉर्डातल्या मुलींना वाचून दाखवलं होतं.

कायदा इथवर कसा आला, ते थोडक्यात. अरुणा शानबाग या नर्सचं नाव आमच्या पिढीच्या प्रत्येक नर्सने ट्रेनिंगमध्येच ऐकलेलं असतं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला आणि ती पुन्हा कधी उठली नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली, तोपर्यंत तिथल्या सिस्टर्सनी पाळी लावून तिचं सगळं केलं. तिच्यासाठी केलेला दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात ७ मार्च २०११ रोजी फेटाळला गेला, पण त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना अंगावर एकही बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सापडला नव्हता. बिछान्यावर इतकी वर्षं पडलेल्या माणसाला बेडसोर नाही याचा अर्थ काय, हे नर्सलाच कळतं. मला त्या सिस्टर्सचा अभिमान आहे. आणि माझ्या बाबतीत तसं कोणी करू नये, असंही मला वाटतं. ह्या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात म्हणते आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो असं म्हणून लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं डॉक्टरांचं मंडळ हवं, अशा अटी होत्या. त्या वाटेने फारसं कोणी गेलंच नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती वाट सोपी केली. आता जे करायचं, ते त्या आदेशाप्रमाणे.

काय लिहायचं

इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. लोक नेटवरून नमुना उतरवतात, नाव-पत्ता घालतात आणि मोकळे होतात.

मी मदत केलेल्यांपैकी निम्म्यांच्या पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती: "मला व्हेंटिलेटर लावू नये." ही ओळ चुकीची आहे. आमच्याकडे शेतावरच्या औषधाच्या केसेस यायच्या, सापाच्या यायच्या. मण्यार चावलेला पोरगा, पापण्यासुद्धा उचलता येत नाहीत, श्वास बंद. व्हेंटिलेटरवर राहिला, औषधं लागू पडली, आणि आठवड्याने कॅन्टीनचा शिरा मागायला लागला. न्यूमोनियाची साठीची माणसं मशिनवरून उतरून घरी चालत गेली. व्हेंटिलेटर तुमचा शत्रू नाही. उतरायची आशा नसताना त्यावर पडून राहणं, ही तुमची तक्रार आहे. तेव्हा आधी अट लिहा, मग उपचार.

माझ्या कागदातला भाग देते. उतरवू नका, वाचून तुमचा लिहा:

"उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते मी बरी होऊन माझी माणसं ओळखेन अशी आशा उरलेली नसेल आणि माझा निर्णय मला सांगता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटर लावू नये; लावला असेल तर काढावा. हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते चालू करू नये. डायलिसिस करू नये. आशा आहे की नाही हे नक्की नसेल, तर काही दिवस सगळे उपचार करून पाहायला माझी हरकत नाही. त्यानंतर पुन्हा विचार करावा. वेदना आणि दम यांवर औषध प्रत्येक वेळी द्यावं, त्याने गुंगी आली तरी चालेल."

शेवटचं वाक्य विसरू नका. 'उपचार नको' म्हणजे 'काहीच करू नका' असा अर्थ लावणारे नातेवाईक असतात, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही असतात. मॉर्फिन, ऑक्सिजन, अंग पुसणं, कूस बदलणं, तोंड साफ ठेवणं, हे चालूच राहिलं पाहिजे. नाकातल्या नळीबद्दल वेगळं लिहा. स्मृतिभ्रंशात माणूस खायचं विसरतो, राइल्स ट्यूब घालतात, तो ती उपसतो, मग हात कॉटला बांधतात. बँडेजच्या पट्टीने बांधलेलं मनगट मी रोज सोडून तेल लावून पुन्हा बांधायचे. हे मला माझ्यासाठी नको होतं, म्हणून मी लिहिलं: "नळी नको, चमच्याने जेवढं जाईल तेवढं. तोंड कोरडं पडलं तर कापसाच्या बोळ्याने चहा लावा." सून म्हणाली, "आई, साखरेचा का बिनसाखरेचा?" मला मधुमेह आहे. साखरेचा, म्हटलं, आणि तेही घातलं.

अवयवदान करायचं असेल तर तो अपवाद न विसरता घाला. मेंदू मृत झाल्यावर अवयव चांगले राहावेत म्हणून व्हेंटिलेटर थोडा वेळ चालू ठेवावा लागतो. एका कागदात "व्हेंटिलेटर लगेच काढा" आणि दुसऱ्यात "मूत्रपिंडं द्या" असं लिहून ठेवलंत, तर घरच्यांनी कुठला पाळायचा?

याशिवाय तीन वाक्यं हवीतच: मी सज्ञान आहे, शुद्धीत आणि स्वखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय हे करते, याचे परिणाम मला समजले आहेत, आणि मी हे कधीही रद्द करू शकते. भाषा मराठी चालते. मात्र मोघम नको. "मला यातना नकोत", "देवाची इच्छा असेल तसं" असं लिहिलंत तर मंडळावरचे डॉक्टर कागद बाजूला ठेवतील आणि तसा त्यांना अधिकार आहे. अर्थ संदिग्ध असेल तर त्यावर अंमल करायचा नाही, असं निकालातच आहे.

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याखाली असंच एक पत्र करता येतं, पण ते वेगळं. दोन्हींची खिचडी करू नका.

कोणाचं नाव घालायचं

तुमच्या वतीने कोणी हो-नाही म्हणायचं, ती नावं कागदात लागतात. पूर्वी एकच चालायचं, आता एकापेक्षा जास्त देता येतात. आपल्याकडे थोरल्या मुलाचं नाव आपोआप लिहिलं जातं. माझं मत विचाराल तर सगळ्यात लाडक्या माणसाचं नाव घालू नका. जो किंवा जी रात्री दोन वाजता, चुलत्याने "तुम्ही बापाला मारायला निघालात" असं म्हटल्यावरही, आवाज न चढवता कागद पुढे करू शकेल, तिचं नाव घाला. आणि जो विमानाने तिसऱ्या दिवशी येतो, त्याला आधीच विश्वासात घ्या. पंधरा दिवस उशाशी बसलेल्यांनी मन घट्ट केलेलं असतं; परदेशातून येणारा येतो आणि "सगळं करा, पैशाचं बघू नका" म्हणतो. तो वाईट नसतो. त्याने ते पंधरा दिवस पाहिलेले नसतात, एवढंच.

मी पहिलं नाव सुनेचं घातलं, दुसरं माझ्या धाकट्या बहिणीचं. मुलाचं नाही. त्याला रक्त तपासायला दिलं तरी घेरी येते. तो चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "बरं झालं."

त्यांना समोर बसवून कागद वाचून दाखवा. नुसती झेरॉक्स व्हॉट्सॲपवर टाकू नका.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. कोणाला काय सांगायचं, हेही लिहा. तुमचा आजार ही तुमची खाजगी गोष्ट आहे आणि डॉक्टरांवर ती गुप्त ठेवायची जबाबदारी आहे. पण रिपोर्टचा फोटो भावकीच्या ग्रुपवर गेल्यावर कसली गुप्तता? आमच्याकडे उलटंही चालायचं. सगळ्या गावाला कॅन्सर माहीत, फक्त पेशंटला नाही. "सिस्टर, त्यांना काही बोलू नका हं." आणि तो पेशंट ड्रेसिंगच्या वेळी माझ्याकडे बघून म्हणायचा, "पोरांना सांगू नका, पण मला कळलंय." माझ्या कागदात आहे: मला सगळं आधी सांगा, मी बेशुद्ध असेन तर या दोघींना, बाकीच्यांना त्या ठरवतील तेवढं.

सह्या आणि शिक्का

दोन साक्षीदार लागतात. शक्यतो घरचे नकोत, ज्यांना तुमच्याकडून काही मिळणार ते तर नकोतच. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. तुम्ही स्वखुशीने करताय, याची खात्री त्यांनी करायची असते. न्यायालयाच्या आदेशात स्टॅम्प पेपरची अट नाही. मी साध्या पानावर केलंय.

पहिल्या नोटरींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे इच्छामरणाचं आहे, मी यात पडत नाही." २०२३ च्या आदेशाची प्रत नेली होती ती दाखवली, तरी नाही म्हणजे नाही. आदेश नवा होता, त्यांचीही चूक नाही म्हणा. शेवटी ओळखीतले पशुधन विकास अधिकारी कामाला आले. राजपत्रित अधिकारी आहेत, कायद्याला तेवढं पुरतं. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, दोन प्रश्न विचारले, सही-शिक्का केला. माझ्या शेवटच्या इच्छेवर गुरांच्या डॉक्टरांचा शिक्का आहे, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगते. तुम्हीही आदेशाची प्रत सोबत न्या आणि एका 'नाही'वर परत येऊ नका.

प्रती

एक प्रत ज्यांची नावं घातलीत त्यांना. एक फॅमिली डॉक्टरांना. एक तुमच्या महापालिकेत, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत, कारण तिथे हे कागद सांभाळणारा अधिकारी नेमायचा असतो. मी गेले तेव्हा आमच्या कचेरीत हे कोणाच्या गावी नव्हतं. एका क्लार्कने कागद उलटसुलट केला आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मयत कधी झाले?" मी म्हटलं, "मीच आहे ती, अजून व्हायचेय."

मुंबईतले डॉक्टर निखिल दातार यांनी याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. तरी तुमच्या कचेरीत कोणी डोकं खाजवलंच तर वाद घालू नका. अर्ज जोडून आवक-जावक खिडकीवर द्या, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. तो शिक्का महत्त्वाचा.

मन बदललं तर? कधीही बदला, पण लेखी, आणि बदललेला कागद याच पद्धतीने पुन्हा करा. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात. जुन्याच्या सगळ्या प्रती गोळा करून फाडा.

वेळ आली तर

हे घरच्यांना वाचायला द्या. भरती करतानाच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा की लिव्हिंग विल आहे, आणि तशी नोंद केसपेपरवर करून घ्या. नुसतं तोंडी सांगाल तर शिफ्ट बदलली की संपलं.

पुढे हॉस्पिटल कागद खरा आहे का ते पडताळतं. मग प्राथमिक मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभव असलेले निदान दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यांनी हो म्हटलं तर दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळावर नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. नाव घातलेल्यांची संमती घेतात. अंमल करण्याआधी हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. हे फक्त कळवायचं असतं, परवानगीसाठी थांबायचं नसतं. बाहेरचे लोकच काय, हॉस्पिटलवालेही इथे गोंधळतात. मंडळांनी नाही म्हटलं तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. लिव्हिंग विलच केलेलं नसेल तरीही जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने अशीच दोन मंडळांची वाट आहे, फक्त तेव्हा तुमचं म्हणणं कोणाला माहीत नसतं.

कागदपत्रं हवी असतील तर लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे.

आणि एक करू नका. वैतागून, पैसे संपले म्हणून, किंवा मंडळाची भानगड नको म्हणून 'डामा'वर सही करून पेशंट घरी नेऊ नका. डामा म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. कागदावर सगळी जबाबदारी तुमची होते आणि पेशंटला हातात काहीच मिळत नाही. एका आजोबांना असं नेलं होतं. नळी काढली, स्ट्रेचर अॅम्ब्युलन्समध्ये सरकवलं. घाटात पाऊण तास त्यांचा दम चालला होता, आणि गाडीत मॉर्फिनचा एक थेंब नव्हता. मुलगा नंतर मला भेटायला आला तेव्हा त्याने फक्त त्या घाटाची वळणं सांगितली. घरी न्यायचंच असेल तर आधी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना बोलवायला सांगा. औषधं, डोस, रात्री कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्या, मग न्या. घर जमत नसेल तर मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या पेशंटची विनामूल्य काळजी घेतात.

आता मूळ प्रत ठेवायची कुठे. आमच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी यजमानांचं लिव्हिंग विल नीट लॅमिनेट करून बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी ठेवलं. काका शनिवारी रात्री भरती झाले. रविवारी बँक बंद, सोमवारी सुट्टी. मंगळवारी लॉकर उघडेपर्यंत ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायच्या, कागदावर पुतण्याची सही होऊन गेली होती.

माझा कागद फ्रिजच्या बाजूला हुकाला लावलाय, गॅसच्या पुस्तकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. वर लाल स्केचपेनने माझं नाव आणि सुनेचा नंबर. परवा सिलिंडरवाला पोरगा आला, त्याने तेच काढून हातात घेतलं, वाचलं आणि परत लावताना म्हणाला, "मावशी, आमच्या आज्जीचं पण करून द्याल का?" रविवारी तिच्याकडे जायचंय.